कारणे लिहून ठेवणारा गव्हर्नर

अमेरिकेत वकिली करता करता राजकारणात शिरलेल्या माणसांना तोटा नाही. इलिनॉय राज्याची राजधानी असलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये अब्राहम लिंकन वकिली करत होते, आणि त्याच गावातल्या गव्हर्नरच्या कचेरीत आजवर बसलेल्या कितीतरी जणांकडे वकिलीची सनद होती. त्यांतली बहुतेक नावे आता यादीपुरती उरली आहेत. जॉन पीटर ऑल्टगेल्ड हे नाव मात्र नुसते यादीत बसत नाही. १८९३ ते १८९७ अशी एकच मुदत त्यांना मिळाली. त्या चार वर्षांत त्यांनी गव्हर्नरचे अधिकार खऱ्या वकिलाप्रमाणे वापरले : कागद वाचून, पुरावा तपासून आणि प्रत्येक निर्णयाखाली कारणे लिहून. त्या कारणांनीच त्यांची राजकीय कारकीर्द संपवली. पुढील पानांत येणारे चरित्र या एका गोष्टीभोवती फिरते.

इथे एक खुलासा हवा. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मंत्रिमंडळ चालवते. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर मतदार थेट निवडतात. नेमणुका, विधेयकांवरचा नकाराधिकार, राज्याचे सैन्यदल, कैद्यांना माफी, हे सारे बहुतेक राज्यांत त्याच्या हाती असते. म्हणून तिथे एका माणसाच्या सहीने पुष्कळ काही घडते आणि पुष्कळ काही अडतेही.

मराठी वाचकाचा या माणसाशी धागा जुळतो तो १ मे या तारखेने. महाराष्ट्र राज्य १९६० साली त्या दिवशी स्थापन झाले आणि राज्यात त्याच दिवशी कामगार दिनही पाळला जातो. कामगार दिनाची ती तारीख आली शिकागोहून. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेतल्या अनेक शहरांत संप झाले आणि तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकाजवळ बॉम्ब फुटला. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवादी परिषदेने पुढल्या वर्षी १ मे रोजी जगभर निदर्शने करण्याचा ठराव केला. ही तीच वर्षे, जेव्हा मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून देण्यासाठी झगडत होते. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या बॉम्बच्या खटल्यात फाशी गेलेले हेमार्केटचे हुतात्मे आपल्या मे दिनाच्या भाषणांत आजही येतात. त्यांच्यावरचा खटला न्यायाने चालला नव्हता, हे सरकारी कागदावर स्वतःच्या सहीने नोंदवणारा गव्हर्नर त्या भाषणांत सहसा येत नाही.

ऑल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ चा, जर्मनीतल्या नासाउ प्रांतातल्या नीडरझेल्टर्स गावचा. काही महिन्यांचे असतानाच आईवडिलांनी त्यांना अमेरिकेत आणले आणि ओहायो राज्यात मॅन्सफील्डजवळ शेतीवर संसार मांडला. मुलाने शिकण्यापेक्षा शेतात राबावे, असे वडिलांचे मत. सोळाव्या वर्षी हा मुलगा यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत शंभर दिवसांच्या भरतीत गेला आणि व्हर्जिनियातून तापाचे दुखणे घेऊन परतला. ते दुखणे जन्मभर पुरले. पुढे शाळामास्तरकी केली, पायी पश्चिमेची वाट धरली, आर्कान्सामध्ये रेल्वेमार्गावर मजुरी केली, पुन्हा तापाने आडवे झाले, आणि अखेर मिसूरीतल्या सॅव्हाना गावात एका वकिलाच्या हाताखाली कायदा वाचून सनद मिळवली. १८७४ साली शेतकरी संघटनेच्या पाठिंब्यावर ते त्या जिल्ह्याचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. वर्षभरातच ती जागा सोडून ते शिकागोला गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते.

शिकागो तेव्हा १८७१ च्या आगीतून उठून पुन्हा बांधले जात होते. वकिलीच्या पैशातून ऑल्टगेल्ड यांनी जमिनी घेतल्या, इमारती उभ्या केल्या आणि ते श्रीमंत झाले. डिअरबॉर्न रस्त्यावरची सोळा मजली ‘युनिटी बिल्डिंग’ हे त्यांचे सर्वांत लाडके काम. हा तपशील चरित्रात महत्त्वाचा आहे, कारण पुढे त्यांना अराजकवादी, समाजवादी, मालमत्तेचे शत्रू म्हणणाऱ्यांना हे दिसत नव्हते की हा माणूस स्वतः शहरातला एक मोठा मालमत्ताधारक होता आणि आपली जवळजवळ सगळी पुंजी त्याने विटा-पोलादात घातली होती.

त्यांच्या विचारांची दिशा मात्र १८८४ मध्येच दिसली होती. त्या वर्षी त्यांनी दंडव्यवस्थेवर एक छोटे पुस्तक छापले. नावाचा मराठीत आशय सांगायचा तर ‘आपले दंडयंत्र आणि त्याचे बळी’. किरकोळ कारणांवरून गरिबांना पकडायचे, दंड भरता आला नाही की तुरुंगात टाकायचे, तिथे सराईत गुन्हेगारांच्या संगतीत ठेवायचे आणि बाहेर आल्यावर पुन्हा पकडायचे : हे यंत्र गुन्हे कमी करत नाही, गुन्हेगार तयार करते, असे त्यांचे म्हणणे. ते उपदेशाच्या सुरात नव्हते, अटकेच्या आणि तुरुंगाच्या आकड्यांवर उभे होते. स्वखर्चाने त्यांनी त्याच्या प्रती न्यायाधीशांना आणि आमदारांना पाठवल्या. ओहायोतल्या ॲश्टॅब्युला गावी एका न्यायाधीशाने ते पुस्तक एका तरुण वकिलाच्या हातात ठेवले. तो वकील म्हणजे क्लॅरेन्स डॅरो. पुढे अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला फौजदारी वकील ठरलेले डॅरो शिकागोला आले आणि लेखकाला जाऊन भेटले. दोघांची मैत्री ऑल्टगेल्ड यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१८८४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसची निवडणूक ते हरले. १८८६ मध्ये कुक काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयावर न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि १८९१ पर्यंत तिथे राहिले. १८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली. विद्यमान गव्हर्नर जोसेफ फायफर यांना हरवून निवडून आलेले ऑल्टगेल्ड हे यादवी युद्धानंतरचे राज्याचे पहिले डेमोक्रॅट गव्हर्नर, आणि परदेशात जन्मलेले पहिलेच. शपथविधीच्या दिवशी ते इतके आजारी होते की भाषण स्वतः पूर्ण वाचता आले नाही.

आता हेमार्केट. या प्रस्तावनेत त्यावर जास्त जागा खर्च करणे भाग आहे, कारण ऑल्टगेल्ड यांच्या आयुष्याचा निवाडा त्यावरच होतो.

३ मे १८८६ रोजी मॅकॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केटजवळ झाली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला हजर होते. सभा शांत आहे असे पोलिसांना सांगून ते घरी गेले, आणि पुढे न्यायालयात त्यांनी तशी साक्षही दिली. पाऊस येऊ लागला, गर्दी पांगू लागली. सॅम्युएल फील्डन हे शेवटचे भाषण संपवत असताना पोलीस अधिकारी जॉन बॉनफील्ड मोठी तुकडी घेऊन चाल करून आले. कोणीतरी बॉम्ब फेकला. पोलिसांनी अंधारात गोळीबार केला. सात पोलीस दगावले, काही नागरिकही मेले. बॉम्ब कोणी फेकला, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

खटला आठ अराजकवाद्यांवर चालला. त्यांच्यापैकी कोणी बॉम्ब फेकला, असे सरकारी पक्षालाही सिद्ध करता आले नाही. त्यांची भाषणे आणि लेख वाचून कोणा अज्ञाताने बॉम्ब टाकला असावा, या तर्कावर खुनाचा आरोप उभा राहिला. ऑस्कर नीबे तर त्या रात्री सभेला गेलेलेही नव्हते. न्यायमूर्ती जोसेफ गॅरी यांच्या न्यायालयात ज्यूरी निवडायलाच तीन आठवडे लागले. नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकून नावे न काढता एका खास नाझराला आपल्या पसंतीची माणसे बोलावून आणण्याची मुभा दिली गेली. आरोपींविषयी आपले मत आधीच बनले आहे, अशी कबुली देणाऱ्यांनाही न्यायमूर्तींनी ज्यूरीत बसण्यास पात्र ठरवले. ऑगस्टमध्ये निकाल लागला : सात जणांना फाशी, नीबे यांना १५ वर्षांची सजा. वरिष्ठ न्यायालयांनी शिक्षा कायम ठेवल्या. गव्हर्नर रिचर्ड ओगल्सबी यांनी फील्डन आणि मायकेल श्वाब यांची फाशी जन्मठेपेवर आणली. लुई लिंग याने कोठडीत जीव दिला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑगस्ट स्पीस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना फासावर चढवले गेले.

ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाले तेव्हा उरलेले तिघे जोलिएटच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी हजारो सह्यांचा अर्ज आला होता, आणि सह्या करणाऱ्यांत शिकागोतले प्रतिष्ठित व्यापारी आणि पेढीवालेही होते. त्यांची अपेक्षा एवढीच होती की गव्हर्नरांनी दया दाखवावी : खटला बरोबर होता, पण सहा-सात वर्षे भोगून झाली, आता पुरे. असे दोन ओळींचे माफीपत्र काढले असते तर ऑल्टगेल्ड यांची स्तुती झाली असती आणि दुसरी मुदतही कदाचित मिळाली असती. डॅरो यांना तर उशीर सहन होत नव्हता. त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की ऑल्टगेल्ड यांनी त्यांना आधीच बजावले होते : मी या माणसांना सोडले तर तुम्हाला वाटते तसे स्वागत होणार नाही, त्या दिवसापासून राजकारणात मी संपलो असे समजा. खटल्याचे कागद वाचायला त्यांनी काही महिने घेतले.

२६ जून १८९३ रोजी तिघांना बिनशर्त माफी मिळाली. आदेशाला जोडलेले कारणपत्र छापील पुस्तिकेएवढे होते. ज्यूरी ठरवून निवडली होती. ज्यूरीत बसलेली माणसे आधीच मत बनवलेली, म्हणून कायद्याने अपात्र होती. पुराव्याने गुन्हा सिद्ध झाला नाही. नीबे यांच्याविरुद्ध तर खटलाच उभा राहत नव्हता. आणि न्यायाधीश इतके पूर्वग्रहदूषित होते की न्याय्य सुनावणी अशक्य होती. पोलिसांच्या वर्तनावरही त्यांनी पाने खर्च केली : १८८५ च्या ट्राम संपात बॉनफील्ड यांनी निरपराध नागरिकांना कसे झोडपले, आणि अराजकवाद्यांचे कट पोलिसांनाच कसे उभे करायचे होते, याबद्दल खुद्द माजी पोलीसप्रमुखांनी वर्तमानपत्राला काय सांगितले होते. बॉम्ब हा कोणा एकाने पोलिसी मारहाणीचा उगवलेला सूड असावा, असा त्यांचा निष्कर्ष.

दया दाखवली असती तर ती खपली असती. तपासून ठेवलेली कारणे खपली नाहीत. देशभरच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली, व्यंगचित्रांतून त्यांना आग लावणारा म्हणून रंगवले, त्यांच्या जर्मन जन्माचा उद्धार केला. गॅरी यांच्यावर त्यांचा जुना वैयक्तिक राग होता, असेही टीकाकार म्हणत. राग असेलही, कारणपत्रातली भाषा काही ठिकाणी तिखट आहे हे नाकारता येत नाही. पण कारणपत्र उभे आहे ते खटल्याच्या कागदांतल्या उताऱ्यांवर आणि शपथपत्रांवर, आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांनी क्वचितच त्या कागदांना हात घातला. तिघे जर निर्दोष असतील तर फाशी गेलेल्या चौघांचे काय, हा प्रश्न त्या कारणपत्रातून आपोआप उभा राहत होता. समाजाला त्याचेच भय होते, असे आज वाचताना वाटते.

याच उन्हाळ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने कारखान्यांचा कायदा केला. १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना दिवसाला आठ तासांहून जास्त काम नाही, आणि कोंदट खोल्यांतून चालणाऱ्या शिवणकामावर देखरेख. (मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना लागू असलेला १८९१ चा कायदा तेव्हा स्त्रियांना ११ तास राबवू देत होता.) मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून ऑल्टगेल्ड यांनी आधी हेन्री डेमारेस्ट लॉइड या लेखकाला विचारले. लॉइड यांनी फ्लॉरेन्स केली यांचे नाव सुचवले. जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाउस’ या शिकागोतल्या समाजसेवा केंद्रात राहणारी, तीन मुलांची आई असलेली, उघडपणे समाजवादी विचारांची ही बाई राज्याच्या इतक्या मोठ्या पदावर नेमणे १८९३ मध्ये साधी गोष्ट नव्हती. बारा जणांच्या त्यांच्या कचेरीत उपनिरीक्षकांच्या पाच जागा स्त्रियांसाठी राखलेल्या होत्या. सरकारी वकील खटले चालवायला टाळाटाळ करतो हे पाहून केली यांनी नोकरी सांभाळत कायद्याचा अभ्यास केला आणि १८९५ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रियांच्या करारस्वातंत्र्यावर घाला येतो असे म्हणत, आठ तासांचे कलम रद्द केले. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन राज्याची स्त्रियांसाठीची दहा तासांची मर्यादा उचलून धरली, त्या खटल्याची तयारी करणाऱ्यांत केली होत्याच.

मग १८९४ चा पुलमन संप आला. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन यांनी रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना आणि त्याभोवती स्वतःच्या मालकीचे गाव वसवले होते. १८९३ च्या मंदीत मजुरी कापली, घरभाडे मात्र तेच ठेवले. कामगारांनी संप पुकारला आणि यूजीन डेब्स यांच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला. गाड्या अडल्या. केंद्राचे महान्यायवादी रिचर्ड ओल्नी पूर्वी रेल्वे कंपन्यांचेच वकील होते. त्यांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात शिकागोत केंद्राचे सैन्य उतरवले. गव्हर्नरला विचारलेही नाही. ऑल्टगेल्ड हे त्यांच्याच पक्षाचे.

ऑल्टगेल्ड यांनी क्लीव्हलँड यांना पाठवलेल्या तारा म्हणजे घटनात्मक युक्तिवादाचे नमुने आहेत. राज्याचे सैन्यदल तयार आहे, जिथे स्थानिक अधिकाऱ्यांनी मागितले तिथे ते धाडले आहे, राज्याने मदत मागितलेली नाही. मग केंद्राच्या फौजेची गरज काय आणि अधिकार कुठला? टपाल आणि आंतरराज्य व्यापार चालू ठेवणे हे केंद्राचे काम, हे उत्तर आले. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केंद्राची बाजू घेतली. कायद्याच्या पुस्तकात ऑल्टगेल्ड हरले. संप मोडल्यावर ते पुलमनच्या गावात गेले, घराघरांतली उपासमार पाहिली आणि भाडे माफ करण्याची विनंती करणारे पत्र मालकाला लिहिले. तिकडून काही हालचाल होईना, तेव्हा त्यांनी राज्यातल्या जनतेला मदतीचे जाहीर आवाहन केले.

या माणसाला देव्हाऱ्यात बसवू नये. पक्षाच्या राजकारणात ते मुरलेले होते; सत्ता येताच रिपब्लिकनांनी नेमलेले अधिकारी त्यांनी सर्रास काढले आणि आपली माणसे बसवली. त्यांत ज्युलिया लॅथ्रोप यांच्यासारखी कर्तबगार स्त्रीही होती हे खरे, पण सगळेच नेमलेले तसे नव्हते. दुसऱ्या बाजूला, ट्रामसम्राट चार्ल्स यर्कीस यांना शिकागोच्या रस्त्यांवर मक्तेदारी देऊ पाहणारी विधेयके १८९५ मध्ये त्यांच्या टेबलावर आली, तेव्हा स्वतःची मालमत्ता मंदीत बुडत असतानाही त्यांनी ती परत पाठवली. इलिनॉय विद्यापीठाला त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या ज्या विद्यापीठीय इमारती त्यांच्या आग्रहाने बांधल्या गेल्या, त्या अजून त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

१८९६ मध्ये शिकागोत भरलेल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनावर त्यांची मोठी छाप होती. मनाई हुकमांनी राज्य चालवण्याचा निषेध पक्षाच्या जाहीरनाम्यात आला, तो त्यांच्यामुळे. परदेशी जन्मामुळे अध्यक्षपदाची वाट त्यांना बंद होती. उमेदवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मिळाली. प्रचारात थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑल्टगेल्ड यांना खुन्यांचा पाठीराखा ठरवले. इलिनॉयमध्ये ब्रायन यांच्यापेक्षा काही हजार मते जास्त मिळवूनही ते हरले. नवे गव्हर्नर जॉन टॅनर यांच्या शपथविधीत मावळत्या गव्हर्नरांना प्रथेप्रमाणे निरोपाचे भाषणही करू दिले गेले नाही. पुढे युनिटी बिल्डिंग हातची गेली. १८९९ मध्ये अपक्ष म्हणून महापौरपदासाठी उभे राहून ते पुन्हा हरले आणि अखेर डॅरो यांच्या कचेरीत वकिली करू लागले. ११ मार्च १९०२ रोजी जोलिएटमध्ये, दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करून झाल्यावर ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. वय ५४. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांचे पार्थिव ठेवले तेव्हा हजारो माणसे दर्शनाला आली. १९१५ मध्ये लिंकन पार्कात त्यांचा पुतळा बसला. शिल्पकार गट्झन बोर्ग्लम, ज्यांनी पुढे रशमोर डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले.

इंग्रजी वाचणाऱ्यांना, विशेषतः कायद्याच्या विद्यार्थ्यांना, एक विनंती आहे. हे चरित्र वाचून झाले की १८९३ चे ते कारणपत्र मुळातून वाचा; ते सहज उपलब्ध आहे. आणि वाचायला सुरुवात ज्यूरीच्या निवडीवरच्या भागापासून करा.